आपल्या शब्दांचा ठसा

सणावाराला आणि सुखदुःखाच्या प्रसंगी आपण एकमेकांना शुभेच्छापत्रे देतो. कार्डावरचे चित्र आपण हौसेने काढतो, पण आतल्या शब्दांचा विचार फारसा करीत नाही. स्वतः कोरलेल्या ठशाने आपले शब्द कसे छापावेत आणि ते कसे निवडावेत, हे लेखकाने या पाठात आपल्या अनुभवातून सांगितले आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणांनी ईदचे कार्ड स्वतःच्या हाताने तयार केले असेल. कार्डशीट मधोमध दुमडायची, वर चंद्रकोर आणि चांदणी काढायची, मिनार रंगवायचा, कडेला चमकी चिकटवायची. यात तास-दीड तास कसा जातो ते कळतही नाही. मग कार्ड उघडून आत काय लिहायचे, असा प्रश्न पडतो. तोपर्यंत आपण थकलेले असतो. ‘ईद मुबारक’ एवढे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो. आज मला तुमच्याशी कार्डाच्या या आतल्या पानाबद्दल बोलायचे आहे.

तयार शुभेच्छा ही काही आजची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. नाताळात त्यांच्याकडे ढीगभर पत्रे येत. प्रत्येकाला उत्तर लिहिणे कठीण होई. १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्यावर नाताळाच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा छापल्या आणि घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे नाव लिहिण्यापुरती जागा कोरी ठेवली. छापील शुभेच्छापत्रांपैकी हे अगदी सुरुवातीचे कार्ड मानले जाते. पुढे विसाव्या शतकात मुंबई, दिल्ली, लाहोर या शहरांत ईदची सुंदर कार्डे छापली जाऊ लागली.

आपल्या देशातील तारखात्याने तर याच्याही पुढची सोय केली होती. दिवाळी, ईद, लग्न, परीक्षेतील यश अशा प्रसंगांसाठी वाक्ये ठरलेली असत आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. फॉर्मवर तो क्रमांक लिहिला की तेच वाक्य पलीकडच्या घरी पोचे. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता मोबाइलवर एकच संदेश एका क्षणात पन्नास जणांकडे जातो. यात वाईट काही नाही. दूरच्या माणसाला आपली आठवण आहे, एवढे त्यातून नक्की कळते. पण जे वाक्य पन्नास जणांना चालते, ते कधी कधी एकाला मुळीच चालत नाही. मला हे १९९६ सालच्या दिवाळीत कळले.

तेव्हा मी नववीत होतो. सोलापूरच्या एका जुन्या वाड्यात आम्ही राहत होतो. समोरच्या बिऱ्हाडात एक काका-काकू होते. दर ईदला अम्मी त्यांच्याकडे शिरखुर्म्याचे पातेले पाठवीत आणि दिवाळीला काकूंकडून फराळाचे ताट येई. मी दर दिवाळीला त्यांना कार्ड देत असे. त्या वर्षी श्रावणात काका वारले. दिवाळी आली, पण समोरच्या दारावर आकाशकंदील लागला नाही. घरात माणूस गेले की त्या वर्षी सण करायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत होती. फराळही घरी करायचा नसतो. तो शेजारी आणि नातेवाईक आणून देतात. अम्मींनी हे ऐकले आणि करंज्या करायला घेतल्या.

मी कार्ड आणायला बाजारात गेलो. दुकानात तारेवर रांगेने कार्डे टांगलेली होती. ‘ही दिवाळी आनंदाची जावो’, ‘आपल्या घरी सुखाचा प्रकाश पडो’, ‘भरभराट होवो’. एकेक वाचत गेलो आणि एकही हातात घ्यावेसे वाटेना. ज्या घरात माणूस गेल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तिथे हे शब्द कसे न्यायचे? कार्ड देऊच नये, असेही वाटले. पण मग काकूंना वाटले असते की हा मुलगा आपल्याला विसरला.

त्याच गल्लीत रबरी शिक्के बनवणाऱ्या एका चाचांचे दुकान होते. दाखल्यांचे, पावत्यांचे, डॉक्टरांचे शिक्के ते करून देत. मी त्यांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, “बेटा, शिक्का मी करून देईन, पण शब्द तुझे तूच आण. आणि हो, थोडे आण. जेवढे शब्द जास्त, तेवढी शाई जास्त आणि अर्थ कमी.” मग त्यांनी मला एक साधी युक्ती सांगितली. मोठा खोडरबर घ्यायचा आणि त्यावर स्वतःच अक्षरे कोरायची.

मी घरी येऊन काकूंसाठी मजकूर लिहायला बसलो. आधी उर्दूत लिहिले, मग मराठीत. काका किती चांगले होते, आम्हां सर्वांना किती दुःख झाले, देव तुम्हांला धीर देवो, असे बरेच काही लिहिले. ते सगळे खरेच होते. पण खोडरबर हातात घेतला तेव्हा लक्षात आले की एवढे कोरायला आठवडा लागेल. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. मी एकेक वाक्य कमी करत गेलो. जे काकूंना आधीच माहीत आहे ते काढले. जे कुणीही म्हणेल ते काढले. शेवटी तीन शब्द उरले : ‘आम्ही शेजारीच आहोत.’

या वाक्यातला ‘च’ पाहा. ‘आम्ही शेजारी आहोत’ म्हटले तर ती नुसती माहिती झाली. ‘शेजारीच’ म्हटले की त्याचा अर्थ होतो, हाक मारा, आम्ही लांब नाही. उर्दूत आपण ‘ही’ हा शब्द वापरतो, तेच काम मराठीत हा एवढासा ‘च’ करतो. मराठी मी शाळेत पाचवीपासून शिकत होतो, पण त्या दिवशी एका अक्षराचे वजन मला प्रथमच कळले.

आता ठसा कसा करायचा ते सांगतो. तुम्हांलाही तो सहज करता येईल. तीन शब्दांसाठी तीन मोठे खोडरबर घ्या. पातळ ट्रेसिंग पेपरवर खोडरबराच्या मापाची चौकट आखा आणि तिच्यात मऊ शिसपेन्सिलीने शब्द लिहा. अक्षरे जाड आणि निदान एक सेंटिमीटर उंचीची असावीत. अक्षर चांगले नसेल तर संगणकावरून शब्द छापून घ्या आणि त्यावरून गिरवा. मग कागद उलटा करून, म्हणजे लिहिलेली बाजू खाली ठेवून, खोडरबरावर दाबा आणि मागून चमच्याच्या पाठीने घासा. शब्द खोडरबरावर उमटतो, पण उलटा. आरशात पाहिल्यासारखा दिसतो. घाबरू नका. तो उलटाच हवा, म्हणजे कागदावर सुलट येईल.

यानंतर अक्षराभोवतीचा भाग बारीक पात्याने थोडा थोडा कोरून काढायचा. अक्षर उंच राहते आणि आजूबाजूचा भाग खोल जातो. घरातले मोठे माणूस जवळ असतानाच पाते हातात घ्या. पाते नेहमी आपल्यापासून दूर चालवा आणि दुसरा हात पात्याच्या पुढे कधीही आणू नका. ठसा तयार झाला की शाईच्या गादीवर हलकेच टेकवा. कार्डाखाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. आधी साध्या कागदावर दोन-तीन वेळा उमटवून पाहा. कार्डाचा कागद गुळगुळीत, चकचकीत नको. त्यावर शाई पसरते. थोडा खरखरीत कागद चांगला. आणखी एक गोष्ट. आधी शब्द छापा, चित्र नंतर काढा. ठसा वाकडा उमटला तर फक्त कागद बदलावा लागेल, चित्राची मेहनत वाया जाणार नाही.

कोरताना मला एक गंमत दिसली. मराठी आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. पण ठशात तोच मराठी शब्द उजवीकडून डावीकडे चालू लागतो, अगदी उर्दूसारखा! आणि उर्दू शब्द कोरला तर तो मराठीसारखा डावीकडून उजवीकडे जातो. तुम्हांला दोन्ही दिशांनी वाचायची सवय आहे, त्यामुळे हे काम तुम्हांला इतरांपेक्षा सोपे जाईल. दोन्ही लिप्यांचे स्वभाव मात्र वेगळे आहेत. मराठीत शिरोरेषा शब्दातील अक्षरांना बांधून ठेवते, म्हणून ठसा मजबूत होतो. जोडाक्षरे तेवढी सांभाळावी लागतात. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ लहान आकारात कोरणे फार कठीण. उर्दूत नुक्त्यांची काळजी घ्यावी लागते, कारण ते एकटे उभे असतात आणि पाते जरा सरकले की तुटतात. शिवाय नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली तिरपा उतरतो, म्हणून खोडरबराची उंची जास्त लागते.

उलट्या अक्षरांची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे शिळाछापावर छापली जात. कातिब खास शाईने कागदावर सुंदर अक्षरात मजकूर लिहीत. तो कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उलटी उतरत आणि छापताना पुन्हा सुलट होत. १९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ हा संगणकावरचा टंक वापरात आला आणि त्यानंतर हळूहळू कातिबांचे काम कमी होत गेले. पण आपला छोटा ठसा याच मार्गाने चालतो.

कोरण्यापूर्वी शुद्धलेखन जरूर तपासा. ऱ्हस्व-दीर्घ शिक्षकांना दाखवा. कागदावरची चूक खोडरबराने खोडता येते, पण खोडरबरावर कोरलेली चूक कशाने खोडणार?

दिवाळीच्या पहिल्या दिवशी करंज्यांच्या डब्यावर ठेवून मी ते कार्ड काकूंना दिले. वर एका पणतीचे साधे चित्र होते, चमकी नव्हती. काकूंनी कार्ड उघडले, वाचले आणि मिटून पदराआड धरले. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र, काका गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. अम्मींनी चहा केला. रात्र होईपर्यंत दोघी हळू आवाजात बोलत होत्या.

त्यानंतर मी कितीतरी ठसे कोरले. मामू नोकरीसाठी दुबईला होते. त्यांना ईदला ‘तुमची खुर्ची रिकामी ठेवली आहे’ असे उर्दूत छापून पाठवले. वर्गातला एक मित्र दहावीत नापास झाला, तेव्हा त्याच्या कार्डावर ‘उद्या पाच वाजता मैदानावर ये’ एवढेच होते. तो आला. या दोन्ही वाक्यांत एकही मोठा शब्द नाही. पण मामूंचे वाक्य मित्राला चालले नसते आणि मित्राचे मामूंना.

शब्द निवडताना समोरचे माणूस कोण, हे विसरू नका. आपण घरी अम्मींना ‘आप’ म्हणतो. मराठी घरांत मात्र मुले आईला आणि आजीला ‘तू’ म्हणतात. त्यात अनादर नसतो, जवळीक असते. पण शेजारच्या काकूंना आणि शिक्षकांना ‘तुम्ही’च म्हणायचे. ‘ये’ की ‘या’, ‘तुझी’ की ‘तुमची’, हे कोरण्याआधी ठरवा. कार्ड वाचणाऱ्याला आपला आदर आणि आपली माया या एवढ्याशा अक्षरांतून कळते.

कुणी आजारी असेल तर ‘लवकर बरे व्हा’ हे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा वहीतील राहिलेला अभ्यास मी लिहून ठेवला आहे, असे सांगा. आणि तो खरोखरच लिहून ठेवा. कार्डावर छापलेला शब्द पाळावा लागतो. शाई वाळते, पण शब्द मागे घेता येत नाही. ‘आम्ही शेजारीच आहोत’ असे छापले, म्हणून त्या वर्षी काकूंचा गॅसचा सिलिंडर आणणे, वीजबिल भरणे ही कामे मी आपली समजून केली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सणाला एक खोडरबर घ्या. ज्यांना कार्ड द्यायचे त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि त्यांच्यासाठी एक वाक्य लिहा. मग स्वतःला विचारा, हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर अजून थोडा विचार करा. उत्तर ‘नाही’ असेल, तर पाते हातात घ्या आणि कोरायला लागा.