राहून गेलेली भेट



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते बियाणे, खते, नाहीतर हुमणी आणि बोंडअळी यांबद्दल. आज मात्र शेताबाहेरचे बोलणार आहे. बार्शी तालुक्यातल्या एका घरी माझी एक भेट राहून गेली होती, तिची ही हकिकत आहे. कदाचित अशीच एखादी भेट तुमचीही राहिली असेल.

त्या घरच्या कर्त्या माणसाला मी आप्पा म्हणत असे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी वडील. सात एकर कोरडवाहू रान. सोयाबीन आणि तूर ही पिके. नवी गोष्ट सांगितली की आधी स्वतः करून बघणार आणि पटली तरच दुसऱ्याला सांगणार, असा त्यांचा खाक्या. मे 2020 मध्ये टाळेबंदीमुळे गावात सभा घेण्याची सोय नव्हती. म्हणून घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी मी त्यांना फोनवरच समजावली. त्यांनी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, वर दुसरे गोणपाट टाकून गुंडाळी केली, रोज पाणी शिंपडले. सहाव्या दिवशी फोन आला, "साहेब, बहात्तर उगवलं!" सत्तरच्या वर गेले म्हणजे बियाणे पेरण्याजोगे. मग आप्पांनी सगळ्या भावकीला गोणपाटे भिजवायला लावली. त्या खरिपात राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नाही म्हणून ओरड झाली, पण त्या भावकीत कोणाला दुबार पेरणी करावी लागली नाही.

पुढच्याच वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत आप्पा गेले. अंत्यविधी शहरातच झाला. मुलाने लांबूनच हात जोडले आणि तो घरी आला.

आपल्याकडे माणूस गेले की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठले-भाकरी येते, कडू घास भरवला जातो. बायका गळ्यात पडून रडतात. बापे ओट्यावर बसून राहतात; फारसे बोलत नाहीत, पण उठूनही जात नाहीत. सावडण्यापासून तेराव्यापर्यंत ते घर एकटे म्हणून पडू देत नाहीत. आप्पांच्या घरी यातले काहीच झाले नाही. मी काय केले? व्हॉट्सअॅपच्या ज्या गटावर आदल्या दिवशी बीजप्रक्रियेची माहिती टाकली होती, त्याच गटावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे लिहिले आणि हात जोडल्याचे चित्र टाकले.

त्या वेळी दूर राहणे चूक नव्हते. साथीत माणसाने माणसापासून लांबच राहिले पाहिजे. 1897 च्या सुमारास प्लेगमध्ये लोक गाव सोडून रानात खोपी घालून राहत. आईकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या गोष्टी माझी आजी आम्हाला सांगे. पण एका खोपीतून दुसऱ्या खोपीला रोज सांजेला हाक जायची, असेही ती सांगे. आम्ही मात्र 2020 मध्ये गावच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्याच लेकरांना शाळेत उतरवले. तेही एक वेळ ठीक. माझी खरी चूक पुढेच झाली.

एप्रिल 2022 पासून राज्यातले सगळे निर्बंध उठले. आठवडी बाजार भरू लागले, लग्नाच्या पंगती बसू लागल्या. दोन वर्षे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, ती वारीही त्या आषाढीला पुन्हा पायी निघाली. आनंदाच्या गोष्टी आपण एकेक करून परत आणल्या. दुःखाच्या भेटी तेवढ्या राहिल्या. आता एवढ्या उशिरा काय जायचे, जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची, असे मीही मनाशी म्हणालो.

मे 2022 मध्ये खरीपपूर्व बैठकीसाठी त्याच गावी जाणे झाले, म्हणून त्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिले आणि उभ्यानेच विचारले, "साहेब, आमच्यावर रागावला होता का?"

माझी मान खाली गेली. मग त्या म्हणाल्या, "मदतीला माणसं कमी पडली नाहीत. किराणा आला, पेरणी झाली. पण साहेब, माझ्याबरोबर बसून रडायला कुणी मिळालं नाही. ह्यांचं नाव काढलं की लोक विषयच बदलतात."

मी तास-दीड तास बसलो. आप्पांच्या बहात्तर दाण्यांची गोष्ट सांगितली. वहिनी हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून रडल्या. मीही रडलो. निघताना त्यांनी मला माजघरात नेले. कोपऱ्यात ओल्या गोणपाटाची गुंडाळी होती. "परवा मांडलंय. शंभर मोजून घेतलेत," त्या म्हणाल्या.

बंधू-भगिनींनो, या गोष्टीला आता काही वर्षे झाली. तरी तुमच्या भावकीत, शिवेवर किंवा लेकीच्या सासरी असे एखादे घर असेलच, जिथे त्या दोन वर्षांत माणूस गेले आणि तुम्ही गेला नाहीत. तिथे जा. दवाखान्याचे, खर्चाचे काढू नका. गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा आणि थोडा वेळ बसा. पाऊस लांबला, पेरणीला उशीर झाला, म्हणून आपण रान पडीक ठेवतो का? हाताशी येईल ते घेतोच ना? हेही तसेच समजा, आणि जमले तर या आठवड्यातच जाऊन या.