दोघांपुरती मोटार

साठी उलटल्यावर माणसानें काय घ्यावें याविषयीं आपल्या समाजांत फारसा मतभेद नाहीं. चांगला चष्मा घ्यावा, हातांत काठी घ्यावी आणि नातवंडांस मांडीवर घ्यावें. मीं या तीनही गोष्टी यथाकाल घेतल्या, आणि त्यांच्या जोडीस दोनच माणसें बसतील अशी, टप उघडणारी, दुसऱ्यानें वापरलेली मोटार घेण्याचें ठरविलें. हेतु एवढाच कीं, रविवारीं पहांटे आम्हां उभयतांनीं शहराबाहेर जावें आणि उन्हें चढण्यापूर्वीं परत यावें.

हा बेत कानीं पडतांच घरांत जें व्हावयाचें तें झालें. दादरला राहणारा मुलगा म्हणाला, "बाबा, घ्यायचीच तर चौघांची घ्या. दोघांच्या गाडींत आम्ही कुठें बसायचें?" वहिनींनीं, "या वयांत हें काय भलतेंच!" एवढाच अभिप्राय दिला, पण तो सर्व चाळीला ऐकूं गेला. मुलाचा प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर असें कीं, चौघांची गाडी त्याच्याजवळ आहेच, आणि लग्नकार्यास व देवदर्शनास आम्ही तिच्यांतूनच जातों. उणीव होती ती निराळ्या गोष्टीची.

आमच्या संसारास अडतीस वर्षें झालीं. ठाकुरद्वाराजवळच्या चाळींत दोन खोल्या, आणि एके काळीं त्यांत आम्ही नऊ माणसें. माझे धाकटे भाऊ त्याच घरांतून शिकून मार्गास लागले. आई सहा वर्षें अंथरुणाला खिळून होती; तिचें सर्व कांहीं माझ्या पत्नीनें केलें. नवराबायकोस दोन शब्द बोलावयाचे तर गॅलरींत जावें, आणि गॅलरी तर साऱ्या मजल्याची! त्या घरांत कशाचीच ददात नव्हती. नव्हती ती फक्त दोघांपुरती जागा. मोटारींत दोनच आसनें असावींत हा माझा हट्ट कशांतून निघाला, हें सूज्ञ वाचकांस निराळें सांगावयास नको.

शाळेंत मीं पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप आणि सुदक्षिणा एकाच रथांतून वसिष्ठांच्या आश्रमास जातात. आश्रमास उपद्रव नको म्हणून बरोबर लवाजमा थोडाच. वाटेंत ते मोरांचा शब्द ऐकतात, हरिणांच्या जोड्या पाहतात, ताजें लोणी घेऊन आलेल्या वृद्ध गवळ्यांस रानांतील झाडांचीं नांवें विचारतात. आणि रस्ता केव्हां सरला हें राजाला कळतही नाहीं. राजा-राणी प्रौढ आहेत, मनांत अपत्य नसल्याचें दुःख आहे, आणि तरीही कवीनें त्यांस हा प्रवास दिला. मुलांस हे श्लोक समजावून सांगतांना मला नेहमीं वाटे कीं, तो रथ बंद असता तर या सर्गाचें निम्में सौंदर्य गेलें असतें.

आतां कोणी म्हणेल, दोघांपुरतेंच वाहन हवें तर स्कूटर काय वाईट? गुडघे आणि कंबर यांचा विचार बाजूस ठेवला तरी एक अडचण राहतेच. मुंबईहून झटकन बाहेर पडण्याचे जे नवे रस्ते झाले, त्यांवर दुचाकीस मज्जाव आहे. २००९ सालचा वांद्रे-वरळी सागरी सेतु, २०२४ सालीं खुला झालेला सागरी किनारा मार्ग, आणि त्याच वर्षीं जानेवारींत सुरू झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतु, या तिहींवर स्कूटर चालत नाहीं. गिरगांव-परळच्या माणसास तर अटल सेतु म्हणजे घरचें महाद्वार. सुमारें २२ किलोमीटर लांबी, त्यांतील सोळांहून अधिक समुद्रावर. सुरवातीस मोटारीला एका वेळचा २५० व जाऊन-येऊन ३७५ रुपये टोल ठरला. रक्कम लहान नव्हे; पण शिवडीच्या चिखलांत उतरलेले रोहित पक्षी मागें टाकून अर्ध्या तासांत उरण-पनवेलच्या बाजूस लागतां येतें, आणि तेथून कर्नाळा फार दूर नाहीं.

उघड्या मोटारीचा खरा वैरी मुंबईचा पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथें दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी पडतें. तेव्हां वर्षाचे बावन्न रविवार मोजणें ही आत्मवंचना होय. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे बत्तीस-तेहतीस धरावे. त्यांतून सणवार, पाहुणे आणि आजारपणें वजा घालावीं. मीं पंचवीस धरले. गाडी ठेवण्याच्या जागेचें भाडें वर्षाला २४,००० (गिरगांवांत जागा मिळाली नाहीं, परळला मिळाली), विमा ६,०००, दुरुस्ती १५,०००, मिळून ४५,००० रुपये. म्हणजे पेट्रोल आणि टोल सोडून एका रविवारास १,८०० रुपये. हा आंकडा कागदावर लिहून मीं पत्नीपुढें ठेवला. ती क्षणभर थांबून म्हणाली, "अहो, अडतीस वर्षांचें व्याज धरलें तर महाग नाहीं." विषय तेथें संपला.

ग्रॅच्युइटींतून चार लाख रुपये वेगळे काढले होते. त्यांचे तीन भाग केले. गाडीची किंमत अडीच लाखांच्या वर जाऊं द्यावयाची नाहीं, एक लाख घेतल्याबरोबर लागणाऱ्या दुरुस्तीसाठीं, आणि पन्नास हजारांस हात लावावयाचा नाहीं. जुन्या गाडीवर सगळी पुंजी किमतींतच घालणारा मनुष्य पहिल्याच महिन्यांत मेस्त्रीचा ऋणको होतो.

परदेशांत या कामासाठीं लोक बहुधा जपानी 'माझदा एमएक्स-५' घेतात. १९८९ पासून निघणारी ही गाडी दोन आसनी उघड्या मोटारींत जगांत सर्वाधिक खपलेली आहे. परंतु आपल्या देशांत ती अधिकृतपणें कधीं विकली गेली नाहीं. वापरलेली बाहेरून आणावी तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाहीं, आणि तिच्यावरील जकात आमच्यासारख्यांनीं विचारूंच नये. रॅलींत मिरवणाऱ्या जुन्या इंग्रजी एम.जी. गाड्या मनास भुरळ घालतात खऱ्या. पण २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून खास नोंदणी केली कीं, ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. दर रविवारच्या फेरीस ती निरुपयोगी.

मग मीं तीन गाड्या पाहिल्या. पहिली लालबागच्या एका गॅरेजांत होती. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी, टप कापून उघडी केलेली, लालभडक रंगविलेली. किंमत सर्वांत कमी. या गाडीला निराळी चासी नसते. सगळा पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो आणि टप हा त्या सांगाड्याचा भाग असतो. तो कापला कीं गाडी मधोमध वाकूं लागते. याची परीक्षा सोपी आहे. जॅक लावून एक चाक उचलावें आणि त्या बाजूचें दार उघडून पाहावें. आम्ही तसें केलें. दार उघडलें, पण पुन्हां लागेना. शिवाय आर.सी. बुकांत गाडी बंद टपाचीच नोंदलेली. कारखान्यानें दिलेल्या रचनेंत मूलभूत फेरफार करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला आहे. तेव्हां अशी गाडी स्वस्त मिळाली तरी ती विकत घेतलेली चिंताच.

दुसरी मारुतीची जिप्सी, कापडी टपाची. १९८५ सालीं ही गाडी प्रथम आली आणि सैन्यानें ती पुष्कळ वापरली. यंत्र दणकट, सुटे भाग सुलभ, आणि दुरुस्त करणारा हात गल्लोगल्लीं. व्यवहाराच्या दृष्टीनें हीच निवड शहाणपणाची, असें मी कोणासही सांगेन. पण तिची पायरी उंच. पत्नीचा उजवा गुडघा तेथें अडला. आणि मागें समोरासमोर दोन बांकें! तीं रिकामीं ठेवून गिरगांवांतून निघण्याचें धैर्य आम्हां दोघांतही नव्हतें.

तिसरी पुण्याच्या एका गृहस्थांकडील 'सॅन स्टॉर्म'. ही गाडी गोव्यांत तयार होत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली, खरोखरीच दोन आसनांची, आणि आतां बंद पडलेली. अंग फायबरचें, यंत्र फ्रान्सच्या रेनॉचें, १,१४९ सी.सी.चें व सुमारें ६० अश्वशक्तीचें. फायबरला गंज चढत नाहीं, ही समुद्राकांठच्या माणसास मोठीच सोय. परंतु आंतला सांगाडा लोखंडी, आणि तो फायबराखालीं दिसत नाहीं. म्हणून गाडी मेस्त्रीच्या खड्ड्यावर घेऊन, खालून दिवा धरून, प्रत्येक जोड हातानें ठोकून पाहिला. यंत्राचे भाग खटपटीनें मिळतात, कारण तेंच यंत्र युरोपांत रेनॉच्या लहान गाड्यांस होतें. काच, दिवे आणि टपाचें बीडिंग यांची मात्र खरी पंचाईत. तीं शाबूत असलीं तरच गाडी घ्यावी.

गाडी आम्ही मुद्दाम आषाढांत पाहिली. जानेवारींत प्रत्येक टप चांगलाच असतो. भर पावसांत अर्धा तास ती उघड्यावर उभी करविली, मग पायांखालचा गालिचा उचलून हात फिरविला, आणि नाकानें वास घेतला. ओल डोळ्यांस चुकविते, नाकास चुकवीत नाहीं. डाव्या कोपऱ्यांत थेंब होते. तेवढी शिवण उसवून नवी घालण्याचा खर्च किमतींतून वजा करून घेतला.

यानंतर कागद. मोटारीची नोंदणी पहिलीं पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून ती नवी करून घ्यावी लागते. २०२२ सालीं या कामाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालें, आणि वीस वर्षांपलीकडील मोटारींस २०२५ मध्यें तें १०,००० करण्यांत आलें. राज्याचा पर्यावरण कर आणखी निराळा. म्हणून नोंदणीची मुदत किती उरली आहे हें पाहूनच भाव बोलावा. चासीवरील आंकडा पुस्तकांतल्या आंकड्याशीं जुळतो कीं नाहीं, कर्जाचा बोजा उतरला आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. आणि पैसे देण्याच्या वेळींच २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांवर विक्रेत्याच्या सह्या घ्याव्या. आणखी एक. आतां पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांस तें मानवेलच असें नाहीं. आम्हीं गाडी आणतांच त्या नळ्या बदलून घेतल्या.

राहिला गुडघा. अशा गाडीचें आसन फार खालीं असतें, आणि साठीच्या माणसास बसण्यापेक्षां उठणें कठीण. टप बंद असतांना पत्नीला बाहेर पडतां येईना. मग टप उघडला. तिनें एक हात पुढच्या काचेच्या चौकटीवर टेकला, दुसरा दाराच्या कडेवर, आणि ती सरळ वर उठून उभी राहिली. डोक्याशीं अडवावयास कांहीं नव्हतेंच. "उघडी असेल तर जमेल," ती म्हणाली. पावसाळ्यांत आम्हांस कोठें जावयाचें नव्हतेंच. सौदा त्या वाक्यावर ठरला.

माझ्या वयाच्या वाचकांस या खटाटोपांतून एवढेंच सांगावेंसें वाटतें: गाडीचा रंग आणि वेग शेवटीं पाहा, आधीं शेजारच्या आसनावर कोण बसणार तें ठरवा, आणि परीक्षेला त्या माणसास बरोबर न्या. त्याला बसतां-उठतां आलें, टप कोरडा राहिला, कागद निर्मळ निघाले आणि हाताशीं भरंवशाचा मेस्त्री असला, तर किंमत थोडी अधिक पडली तरी ती गाडी स्वस्त. यांतील एक गोष्ट जरी नसली तरी फुकट मिळालेली गाडीही महाग.

दिवाळीपासून आमच्या अकरा फेऱ्या झाल्या. कर्नाळ्यास दोनदां गेलों. पेणला गणपतीच्या मूर्ति घडविणाऱ्यांकडे तासभर बसलों. पत्नी वाटेंत झाडांचीं नांवें विचारते. अर्ध्याअधिकांचीं मला सांगतां येत नाहींत, म्हणून आतां वनस्पतींचें एक पुस्तक गाडींत ठेविलें आहे. गेल्या महिन्यांत मुलानें जरा संकोचानेंच गाडी मागितली. "आम्ही कुठें बसायचें?" हा प्रश्न या खेपेस त्यानें केला नाहीं. रविवारीं पहांटे तो आणि सूनबाई दोघेंच उरणकडे गेलीं, आणि नातवंडें दुपारपर्यंत आमच्या दोन खोल्यांत धुडगूस घालीत राहिलीं.