चालते यंत्र भंगार कोण ठरवणार?

वाचकहो, मी काही कॉम्प्युटर शिकलेला माणूस नाही. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ३४ वर्षे फिटर म्हणून काम केले. पाना, कानस आणि हातोडी यांच्याशी माझी ओळख. तरीही आज कॉम्प्युटरवर चार शब्द लिहायला बसलो आहे, कारण २०२५ च्या दिवाळीआधी आमच्या घरात या यंत्रावरून मोठा वाद झाला आणि त्या वादातून मला जे कळले ते आपल्या घरोघरी कळायला हवे असे वाटते.

आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. २०२० साली टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर आली. नात तेव्हा नववीत. घरात मोबाईल एकच, तोही पोराचा, आणि पोरगा टेम्पो चालवायला घेऊन जायचा. टाळेबंदी जरा सैल झाल्यावर मी निवृत्तीच्या पैशांतून १४ हजार काढले आणि लॅमिंग्टन रोडवरून एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. ही नावे मला तेव्हा ठाऊक नव्हती, नातीने पाठ करून घेतली. त्या डब्यावर ती दहावी झाली, बारावी झाली, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ऑक्टोबरात पडद्यावर सूचना येऊ लागली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार नाही, पण सुरक्षेची नवीन डागडुजी कंपनीकडून येणे थांबणार. नात घाबरली. पोराने डबा उचलून ओळखीच्या दुकानात नेला. दुकानदाराने झाकणसुद्धा उघडले नाही. म्हणाला, "याच्यावर विंडोज ११ चढत नाही. भंगार झाला हा. आठशे रुपये देतो. नवीन लॅपटॉप चाळीस हजारांपर्यंत जाईल, हप्त्यावर घ्या."

पोरगा घरी येऊन म्हणाला, "बाबा, घेऊन टाकू. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे." सूनबाई गप्प बसली. घरभाडे, किराणा आणि सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब तीच ठेवते, म्हणून ती गप्प होती हे मला कळले.

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली. जे यंत्र सकाळी चालत होते ते दुपारी भंगार कसे झाले? आमच्या खात्यात एक लेथ मशीन होते. मी भरती झालो त्याच्याही आधीचे. त्याचे बेअरिंग बदलले, गिअर बदलले, मोटार दोनदा गुंडाळून घेतली, आणि मी निवृत्त झालो त्या दिवशीही ते काम करीत होते. त्याला भंगारात काढायचे तर आधी उघडून तपासत, काय झिजले आहे ते लिहून देत, मग वरच्या साहेबाची सही लागे. इथे एकाने झाकण न उघडता निकाल दिला!

मी नातीला म्हणालो, "बाळा, हे विंडोज ११ का चढत नाही ते मला समजावून सांग."

तिने वाचून सांगितले. विंडोज ११ हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते. कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरीच म्हणा. शिवाय कंपनीच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. आमचा चौथ्या पिढीचा. कंपनी म्हणते, हे सारे सुरक्षेसाठी आहे. सुरक्षेला माझा विरोध नाही. चोर हुशार झाले की कुलूपही चांगले लागते. पण कुलूप नवीन हवे म्हणून अख्खे घर पाडायचे का, एवढाच माझा प्रश्न होता.

विंडोज १० ला आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची डागडुजी मिळण्यासाठी नोंद करण्याची सोय कंपनीने ठेवली होती. नातीने ती वाचून दाखवली आणि मान खाली घातली. "आजोबा, आपण कुठल्या तोंडानं नोंद करायची? आपलं विंडोज चोरीचं आहे."

वाचकहो, इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. कॉम्प्युटर घेतला तेव्हा विकणारा म्हणाला होता, "विंडोज फुकटात टाकून देतो." मला फुकट या शब्दाचा आनंद झाला. ते फुकट नव्हते, कुलूप तोडून आणलेले होते. पुढे २०२२ साली नातीने तसेच कुलूप तोडलेले आणखी एक सॉफ्टवेअर उतरवले आणि त्यातून व्हायरस घुसला. सगळ्या फायलींना टाळे लागले. पडद्यावर चिठ्ठी आली, पैसे द्या तर फायली उघडतील. त्यात नातीचे प्रकल्प होते आणि तिच्या आजीचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. पैसे भरूनही फायली मिळतील याची खात्री कोणी देईना. आम्ही पैसे दिले नाहीत. फोटो गेले ते गेलेच. आणि त्यानंतरही आम्ही पुन्हा तेच चोरीचे विंडोज टाकून घेतले!

पोरगा म्हणतो, "सगळेच वापरतात. एवढ्या मोठ्या कंपनीचं काय जातं?" कंपनीचे फारसे जात नसेलही. पण आपले जाते हे मी भोगले आहे. आणि दुसरे असे की ३४ वर्षांत वर्कशॉपातला एक नटसुद्धा मी डब्यात घालून घरी आणला नाही. रेल्वेचेही एका नटाने काही जाणार नव्हते. मग पडद्याच्या आतली चोरी मला चोरी का वाटली नाही? ती दिसत नाही म्हणून?

वाद तसाच राहिला. रविवारी गल्लीतला एक मुलगा आला. डिप्लोमा करतो, संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत मुलांना शिकवतो. "जयभीम आजोबा, डबा विकू नका. मला एकदा बघू द्या," म्हणाला. त्याने झाकण उघडले तेव्हा मला फार बरे वाटले. आत पंख्यावर धुळीची गादी बसली होती. ती मी माझ्या ब्रशने साफ केली. त्याने रॅमची पट्टी काढली आणि शाळेतल्या साध्या खोडरबराने तिचे पितळी दिसणारे टोक हलकेच पुसले. आम्ही कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासायचो, त्याचीच ही नाजूक बहीण!

मग त्याने हार्डडिस्क दाखवली. आत थाळी असते आणि ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते. जे फिरते ते झिजते, हे फिटरला सांगावे लागत नाही. तिच्याऐवजी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काहीच नाही. एसएसडीला १८०० रुपये आणि जुन्या बाजारातून आणलेल्या आणखी चार जीबी रॅमला ५०० रुपये, एकूण २३०० रुपये खर्च आला. पूर्वी सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा. आता तो गॅस पेटवेपर्यंत सुरू होतो. माझे स्पष्ट मत असे की जुना कॉम्प्युटर मंद झाला की दहापैकी बरेचदा दोष मेंदूचा नसतो, थाळीचा आणि धुळीचा असतो.

राहिला प्रश्न विंडोजचा. त्या मुलाने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट नावाची प्रणाली चालवून दाखवली. आधी काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच वापरून बघता येते. नातीने दोन दिवस वापरले, छपाई होते का ते पाहिले, आणि मगच टाकायला सांगितले. पैसा लागला नाही, कुलूपही तोडावे लागले नाही.

मी विचारले, "हे खरोखरच फुकट कसं? कोणी तरी कुठं तरी पैसे घेतच असणार." तेव्हा त्याने सांगितलेली हकीकत मला फार आवडली. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या माणसाने जाहीर केले की आपण अशी प्रणाली उभी करणार, जी कोणीही वापरावी, उघडून बघावी, दुरुस्त करावी आणि शेजाऱ्याला द्यावी. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलाने तिचा गाभा लिहिला. तेव्हापासून जगभरचे हजारो लोक त्यात भर घालत आले. काही पगारी, काही हौसेने. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात. आपल्या सी-डॅक संस्थेनेही बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. म्हणजे ही गरिबाची तडजोड नाही, जाणत्यांनी निवडलेली वाट आहे.

पण अडचणीही सांगतो, नाहीतर माझ्यात आणि दुकानदारात फरक काय? नातीच्या क्लासला टॅली लागते. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, लिनक्सवर ती सरळ चालत नाही. म्हणून ती टॅलीचा सराव क्लासच्याच कॉम्प्युटरवर एक तास जास्त बसून करते. कॉलेजातल्या एक्सेलच्या काही फायली लिबरऑफिसमध्ये जरा वाकड्या दिसतात. पहिला आठवडा तिची चिडचिड झाली. एकदा म्हणाली, "माझ्या मैत्रिणींकडे नवे लॅपटॉप आहेत. मीच का जुन्या डब्यावर बसायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नवीन वस्तू हवीशी वाटणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्या पोरांनी आधीच फार वस्तूंवाचून दिवस काढले आहेत.

मी तिला एवढेच केले की आमच्या खालच्या गल्लीत नेले. तिथला एक पोरगा भंगाराच्या वखारीत काम करतो. वय असेल एकोणीस-वीस, तिच्याच बरोबरीचा. जुने कॉम्प्युटर हातोडीने फोडायचे, तारा जाळून तांबे काढायचे, पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवून सोन्याचा कण शोधायचा. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके. बोलताना दर दोन वाक्यांना खोकतो. तारेवरचे प्लॅस्टिक जळते त्या धुरात विष असते. पट्ट्यांच्या डाखात शिसे असते, ते लहान मुलांच्या मेंदूला मारक. नात त्याच्याशी बोलली. घरी येताना काहीच बोलली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा कुठे जातो? अशाच वखारींत, अशाच पोरांच्या हातात. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. वस्तू बनवणाऱ्यानेच शेवटी तिच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, असे ते सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. कागदावर चांगले आहे. पण आमच्या खालच्या गल्लीपर्यंत ते अजून पोहोचलेले मी पाहिले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. चालते यंत्र भंगार ठरवण्याचा हक्क झाकण न उघडणाऱ्याला देऊ नका. जुना कॉम्प्युटर असेल तर आधी धूळ काढा, रॅम आणि एसएसडीचा भाव विचारा. आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नका, तो धोका खरा आहे. चोरीचे सॉफ्टवेअर टाकून घेऊ नका. नवीन घ्यावाच लागला तर विचारा की रॅम वाढवता येते का, बॅटरी बदलता येते का. कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम डाख देऊन कायमची बसवलेली असते. आणि डबा खरोखरच टाकायचा असेल तर आपली कागदपत्रे असलेली हार्डडिस्क काढून ठेवा, नुसते डिलीट केल्याने ती पुसली जात नाहीत, आणि डबा सरकारी परवाना असलेल्या केंद्रातच द्या.

नात आता म्हणते, "आजोबा, नोकरी लागली की लॅपटॉप मी घेणार. पण स्क्रू उघडता येतील असाच घेणार." जरूर घे म्हणालो. तोवर दर रविवारी ती आणि तो डिप्लोमावाला मुलगा अभ्यासिकेत बसतात. वस्तीतले तीन जुने डबे त्यांनी चालू केले आहेत. चौथा उघडा पडला आहे, त्याच्या पंख्याचे बेअरिंग आवाज करते. ते काम त्यांनी माझ्याकडे दिले आहे.

आपले मत वेगळे असेल तर जरूर लिहा. मी शिकायला तयार आहे.