आमची पद्मिनी व तिची वही

'जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी' ही म्हण आमच्या गांवच्या लहान मुलासही पाठ असते. तिचा अर्थ विचारला तर मात्र जो तो हंसून वेळ मारून नेतो. आम्हीही आजवर तसेंच करीत आलों. परंतु गेल्या कांहीं वर्षांत एका जुन्या मोटारीखालीं उताणें पडून, कपाळास ग्रीस व डोळ्यांत काळी माती घेत असतां, यंत्रविद्येंत जर्मनीशीं बरोबरी करूं पाहणारा परभणीकर कसा फजीत होतो, याचा आम्हांस पुरेपूर अनुभव आला. तोच येथें सांगण्याचें योजिलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं तो वाचून खुशाल हंसावें; परंतु शेवटपर्यंत वाचावें, एवढीच विनंति.

ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आजच्या मुलांनीं ती बहुधा जुन्या चित्रपटांतच पाहिली असेल. म्हणून तिची थोडी कुळकथा सांगणें अवश्य आहे. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढिली व तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथें चालला. इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन तेथें ज्या गाड्या तयार होऊं लागल्या, त्यांपैकीं '११०० डिलाइट' ही १९६४ सालीं आली. तीच पुढें १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचें नांव धारण करून 'पद्मिनी' झाली. चार सिलिंडरांचें १०८९ सी. सी. चें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, आणि पुढें बाकासारखी अखंड बैठक, असें तिचें रूप. एके काळीं ती नवी मिळावी म्हणून लोक नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहत. चालू शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन बंद पडलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेंही निरोप घेतला.

आमच्या घरची पद्मिनी १९७९ सालची. वडिलांनीं ती १९८८ सालीं एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून विकत घेतली. वडीलही शिक्षकच होते. शिक्षकाच्या मिळकतींत मोटार बाळगणें म्हणजे हत्ती पाळणें होय, असें शेजारीपाजारी म्हणत, आणि तें खोटें नव्हतें. म्हणून गाडीची बहुतेक दुरुस्ती वडील स्वतःच्याच हातानें करीत. त्यांनीं गाडीची एक वही ठेविली होती. तिच्या डाव्या पानावर केलेलें काम, किलोमीटरचा आंकडा व तारीख. उजव्या पानावर झालेली चूक. आम्हांस आठवतें त्यांतील एक टिपण असें होतें : 'ऑइल बदललें. खालचें बूच पुरतें आंवळलें नाहीं. पाथरीपर्यंत निम्में ऑइल वाटेंत गेलें. चूक माझी.' इतकें स्वच्छ लिहिण्यास काय लागतें, हें त्या वयांत आम्हांस कळलें नाहीं.

२०१४ सालीं वडील गेले, आणि गाडी अंगणांतील पत्र्याच्या शेडखालीं उभी राहिली ती राहिलीच. चारही चाकें बसलीं, बैठकींत उंदरांनीं संसार थाटला. भंगारवाला दोनदां येऊन भाव सांगून गेला. आमच्या मातोश्री त्यास कांहीं बोलल्या नाहींत. फक्त दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यानें तो समजला, आणि आम्हीही समजलों.

१९१८ च्या साथीच्या गोष्टी आमच्या आजोबांनीं सांगितल्या होत्या. २०२० सालीं तसाच काळ आमच्याही वांट्यास आला. शाळा बंद झाल्या, आणि हाताशीं वेळ आला. वही, पाने, पेचकस व एक फिलर गेज घेऊन आम्ही शेडखालीं शिरलों. प्रथम पेट्रोलची टाकी उतरवून तींतील गंज व चिकट राळ काढिली. कार्बोरेटर उकलून त्याचीं बारीक छिद्रें साफ केलीं. प्लग खरवडले. डेल्कोंतील पॉइंट पॉलिश पेपरनें घासून त्यांतील फट नीट लाविली. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, आणि तेवढ्याशा अंतरावर सारें इंजिन अवलंबून असतें, हें पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें.

इतकें करून आम्हीं मोठ्या डौलानें किल्ली फिरविली, तों कार्बोरेटरांतून असा धमाका झाला कीं शेजारच्या गच्चीवरील कबुतरें उडालीं! या इंजिनांत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. आम्हीं भाषेचे शिक्षक; आम्हीं प्लगच्या तारा एक, दोन, तीन, चार अशा क्रमवार लावून ठेविल्या होत्या. ही चूक शोधण्यास दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं इंजिन चालू झालें, आणि मातोश्रींनीं घरांतूनच विचारलें, "आली का रे?" जणूं कोणी गांवाहून परत येत होतें.

येथवर सर्व ठीक होतें. परंतु एकदां हाताला यश आलें कीं माणसास देखभालीचा कंटाळा येतो व सुधारणेची हांव सुटते. आम्हीं जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविलें; त्यानें थंडींत गाडी लवकर चालू होऊं लागली. डायनामोच्या जागीं अल्टर्नेटर आला. त्यामुळें रात्रीं दिवे मंद होणें थांबलें. आमच्या भागांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हां इंजिनाच्या उष्णतेनें नळींतच पेट्रोलची वाफ होते, पंप ती ओढूं शकत नाहीं, आणि गाडी भर रस्त्यांत बंद पडते. वडील अशा वेळीं पंपावर ओलें फडकें ठेवीत. आम्हीं ती नळी इंजिनापासून दूर वळविली व रेडिएटरपुढें विजेचा पंखा लाविला. वहीचें डावें पान भरभर भरूं लागलें. उजवें पान मात्र कोरेंच राहिलें, आणि त्याचाही आम्हांस अभिमान वाटूं लागला.

ब्रेकचें काम आम्हीं सर्वांत शेवटीं घेतलें, आणि घाईंत घेतलें. वसमत रस्त्यावर एक वृद्ध उस्ताद आहेत. वडिलांनाही अडल्या वेळीं त्यांचाच आधार असे. त्यांनीं सांगितलें होतें, "ब्रेक खोलाल तेव्हां मला बोलवा." आम्हीं बोलाविलें नाहीं. चाकांचे सिलिंडर उकलले, आंतील रबरी वॉशर चांगले दिसले म्हणून नवे आणिले नाहींत, आणि मळ निघावा म्हणून पेट्रोलांत धुतले. सर्व जोडून, हवा काढून, अंगणांत दहा वेळां ब्रेक दाबून पाहिला. तो उत्तम लागला.

२०२२ च्या जानेवारींत मातोश्री, पत्नी व कन्या यांस घेऊन आम्ही येलदरीचें धरण पाहावयास निघालों. परततांना जिंतूरजवळ नेमगिरीचीं जैन लेणीं पाहिलीं व उतारास लागलों. पहिल्या वळणावर ब्रेक थोडा मऊ लागला. दुसऱ्या वळणावर पाय थेट तळाशीं गेला. पुढें रस्त्यांतून एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. आम्हीं गिअर खालचा टाकिला, हात-ब्रेक ओढिला, आणि हॉर्न वाजवीत गाडी कडेच्या मुरुमाच्या ढिगावर घातली. ती थांबली. कोणास इजा झाली नाहीं. कन्येनें विचारलें, "बाबा, मुद्दाम थांबलांत का?" आमच्या तोंडून 'हो' असें निघालें. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत; त्यांनीं पुढच्या बैठकीची कड धरलेली होती, ती पुष्कळ वेळ सोडिली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उस्ताद आले. त्यांनीं चाक उतरविलें आणि वॉशर तळहातावर घेऊन आमच्यापुढें धरिला. तो फुगून पुरीसारखा झाला होता व त्याची कड फाटली होती. ब्रेकचें तेल निराळ्या जातीचें असतें. त्यास साजेल असेंच रबर त्या सिलिंडरांत घालितात. त्या रबरास पेट्रोल वा इंजिनाचें ऑइल लागलें तर तें पितें, फुगतें व दुबळें होतें. तें ब्रेकच्याच तेलांत वा स्पिरिटांत धुवावें लागतें; आणि खरें पाहतां, एकदां उकललें कीं नवेंच घालावें. आमच्या जुन्या गाडींत चारही चाकांस तेलाचा मार्ग एकच असल्यामुळें एका चाकाचें तेल गळतांच चारही ब्रेक गेले. उस्ताद रागावले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, "मास्तर, इंजन बिगडा तो घर देर से आते. बिरेक बिगडा तो आतेच नहीं."

ब्रेक त्यांच्या देखरेखीखालीं पुन्हां केले. परंतु वही आम्हीं आठ दिवस उघडली नाहीं. मुलांच्या वह्यांत लाल शाईनें चुका दाखविणें हा आमचा रोजचा धंदा; स्वतःच्या वहीचें उजवें पान लिहितांना मात्र लेखणी अडूं लागली. 'रबर सदोष निघालें' असें लिहितां आलें असतें. तें सर्वस्वी खोटेंही दिसलें नसतें. शेवटीं एके रात्रीं वडिलांचें पाथरीचें टिपण पुन्हां वाचलें आणि त्याच बेताचें आपलेंही लिहिलें : 'वॉशर पेट्रोलांत धुतले. माहीत नव्हतें, विचारलें नाहीं. घरचीं सर्व माणसें गाडींत होतीं. चूक माझी.' मग कन्येस बोलावून तें वाचावयास दिलें. तिनें तें दोनदां वाचलें आणि म्हणाली, "म्हणजे त्या दिवशीं मुद्दाम नव्हतांत थांबला." आम्हीं म्हटलें, "नाहीं."

तेव्हांपासून आम्हीं दोन नियम केले आहेत. पहिला असा कीं, जें गाडीस थांबवितें तें आधीं, जें पळवितें तें मागाहून. ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलितों. आणि तें काम उस्ताद पाहिल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर जात नाहीं. दुसरा नियम असा कीं, जी सुधारणा उलट फिरवितां येईल तीच करावी. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या मोटारींविषयीं नियम केले. त्यांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपांत राहिलेली, आणि जिच्या सांगाड्यांत, बॉडींत वा इंजिनांत मोठा फेरफार झाला नाहीं अशी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास काढितां येत नाहीं, प्रदर्शन वा फेरीसारख्या प्रसंगींच काढावयाची. आमच्या पद्मिनीस २०२९ सालीं ५० वर्षें पुरीं होतील. तिला तो मान हवा कीं रोजचा रस्ता, हें तेव्हां ठरवूं. तोंवर जुने पॉइंट व जुना डायनामो तेल लावून, फडक्यांत गुंडाळून पेटींत ठेविले आहेत.

रबराचा धडा तर अद्याप संपलेला नाहीं. आतां पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. उंसाची मळी, मका, तांदूळ यांपासून काढिलेलें हें मद्यार्क जुन्या गाड्यांच्या नळ्यांस व पंपाच्या पडद्यास सोसत नाहीं. तीं हळूहळू मऊ पडतात वा तडकतात. या वेळीं मात्र आम्हीं कांहींएक उकलण्यापूर्वीं उस्तादांकडे गेलों. कोणती नळी आणावी तें विचारलें, त्यांनीं सांगितलें तीच आणिली, आणि डाव्या पानावर लिहून ठेविलें.

असो. दर शनिवारीं दुपारीं आम्ही शेडखालीं असतों. कन्या आतां विजेरी धरावयास येते, व काम संपलें कीं उजव्या पानावर काय लिहावयाचें तें आधीं विचारते. येत्या सुटींत क्लचची प्लेट बदलावयाची आहे. तें पान कोरें राहील अशी आमची फारशी आशा नाहीं. ज्या विद्यार्थ्यांस ही वही पाहावयाची असेल त्यांनीं अवश्य यावें. मात्र जुने कपडे घालून यावें.