अजून चालतें आहे!

आमच्या घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. विळीची धार गेली, कुकरची रबरी रिंग ताठरली, धुतलेल्या पंच्याला कुबट वास येऊं लागला, तरी कोणी ना कोणी म्हणतेंच, 'असूं द्या, अजून चालतें आहे!' या वाक्यांत काटकसर आहे, वस्तूंविषयींची माया आहे, आणि म्हणून तें आम्हांस प्रियही आहे. परंतु त्याच्याच आड थोडा आळस आणि क्वचित् धोकाही दडून बसतो. तेव्हां त्याचा चार शब्दांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं वस्तूंची वेळ दारीं येऊन आरोळी देत असे. कल्हईवाला भाता घेऊन गल्लींत बसला म्हणजे घरोघरचीं पातेलीं बाहेर निघत. टाकी लावणारी आली म्हणजे गुळगुळीत झालेला पाटा पुन्हां खरखरीत होई. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज ऐकला म्हणजे गाद्या उसवल्या जात. उन्हाळ्यांत अंथरुणांस ऊन दाखवीत, दिवाळीपूर्वीं माळे झाडीत. ऋतु आणि कारागीर हेंच गृहिणीचें पंचांग होतें. आतां त्या आरोळ्या क्वचितच कानीं पडतात. आणि ज्यांच्यासाठीं कोणीच आरोळी देत नाहीं अशा वस्तु मात्र घरांत पुष्कळ आल्या आहेत.

आमच्या मतें वस्तूंचे दोन वर्ग पडतात : बोलक्या आणि मुक्या. बोलकी वस्तु आपली दशा स्वतःच सांगते. आपण ऐकलें म्हणजे झालें. पितळी पातेल्याचेंच पाहा. कल्हईची रुपेरी झाक जाऊन खालचें पिवळें दिसूं लागलें कीं त्यांत ताक, चिंच वा आमसूल घालूं नये. आंबट पदार्थांत तांब्याचा अंश उतरतो आणि मळमळ, उलटी यांस निमित्त होतें. यासाठीं आपल्या भाषेंत 'कळकणें' हें स्वतंत्र क्रियापदच आहे. यावरून ही खूण आपल्या आजी-पणजींच्या किती परिचयाची होती हें दिसतें. कल्हईचें कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतें; म्हणून असें भांडें रिकामें विस्तवावर ठेवूं नये. माठाचें पाणी गार होईनासें झालें म्हणजे त्याचीं सूक्ष्म छिद्रें क्षारांनीं बुजलीं असें समजावें. पाणी पाझरून हवेंत उडून जातें, म्हणून तर माठ गार राहतो. दांतांच्या ब्रशाचे केस फाकले कीं तो बदलावा, आणि न फाकले तरी तीन-चार महिन्यांनीं बदलावा, असें दंतवैद्य सांगतात. भांडीं घासण्याच्या स्पंजाची गोष्ट थोडी निराळी. २०१७ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं वापरांतील स्पंज तपासले, तेव्हां कांहीं ठिकाणीं एका घन सेंटिमीटरांत ५,००० कोटींहून अधिक जंतू आढळले. सर्वच जंतू रोगकारक नसतात हें खरें. परंतु नेहमीं निर्जंतुक केलेले स्पंजही त्या तपासणींत अधिक स्वच्छ ठरले नाहींत. स्पंज आठवड्याला बदलावा, असा त्यांचा सल्ला आहे. काथ्याची शेंडी आणि राख वापरून टाकून देण्याची जुनी रीत अगदींच अडाणी नव्हती!

खरी कसोटी मुक्या वस्तूंची. गॅसची रबरी नळी वरून धडधाकट दिसते. परंतु ती पांच वर्षांनीं बदलावी असें सांगतात, आणि तिचें साल नळीवरच छापलेलें असतें. सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व वर्षाचा आंकडा असतो. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, याप्रमाणें त्याच्या पुढील तपासणीची मुदत कळते. मागें एकदां आमच्या वहिनींनीं मुदत टळलेला सिलिंडर दारांतूनच परत पाठविला. काकूंस तो भलताच उद्धटपणा वाटला. वहिनींनीं शांतपणें अक्षरांचा अर्थ सांगितला, तेव्हां काकूंनीं चष्मा मागवून घरांतील नळीवरचें साल स्वतः वाचलें. पांच वर्षें भरावयास सात महिने उणे होते. 'म्हणजे चालतें आहे!' काकू विजयानें म्हणाल्या. मात्र तेव्हांपासून हें वाक्य त्या तारीख पाहूनच उच्चारतात. जलशुद्धीकरण-यंत्रांतील अतिनील दिव्याचेंही असेंच आहे. तो उजळत राहतो. परंतु ठराविक तासांनंतर जंतू मारण्याचें त्याचें सामर्थ्य घटतें. अशा वेळीं 'दिवा लागतो आहे' एवढ्यावर विसंबून मुलांना पाणी देणें बरें नव्हे.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. जी वस्तु सर्वांची, तिच्याकडे पाहण्याचें काम कोणाचेंच नसतें. थोरलीला वाटतें धाकटीनें पाहिलें असेल, धाकटीला वाटतें थोरलीनें. आणि पुरुषमंडळींस तर तसें कांहीं वाटतच नाहीं! म्हणून आम्हीं वांटणी करून टाकली. बोलक्या वस्तु जो वापरील त्याच्या. मुक्या वस्तूंचीं सालें व तारखा सांभाळण्याचें काम पुरुषांचें. स्वयंपाकघराच्या दाराशीं टांगलेल्या दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारीं आतां नळी, दिवा आणि ब्रश यांचेही दिवस लिहिलेले असतात.

यांत उधळेपणा आहे असें कोणीं समजूं नये. वेळेवर रिंग बदलली तर कुकर टिकतो. वेळेवर कल्हई केली तर पणजीचें पातेलें पणतीपर्यंत पोंचतें. लहान वस्तु वेळीं सोडली म्हणजे मोठी राखतां येते, ही काटकसरच आहे. सुज्ञ वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, त्यांनीं येत्या रविवारीं घरांतील मुलांस हातांत वही देऊन मुक्या वस्तूंवरचीं सालें वाचावयास बसवावें. मुलांस तो खेळ वाटेल, आणि घरास पुढील पांच वर्षांचें पंचांग मिळेल.