मृगानंतर कोणतं नक्षत्र?

भारतातली पहिली आगगाडी कधी धावली? शाळेत शिकलेलं कोणीही १६ एप्रिल १८५३ सांगेल, बोरीबंदर ते ठाणे हेही सांगेल. एका मराठी वाहिनीवरच्या प्रश्नमंजूषेच्या संशोधन टीममध्ये मी रुजू झाले, तेव्हा आमच्या प्रमुखांनी हाच प्रश्न माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हा असाच्या असा विचारता येणार नाही. का, ते शोधून आणा."

शोधताना मी मद्रासजवळच्या रेड हिल्सला पोहोचले. तिथे १८३७ मध्येच रुळांवरून रस्त्यांसाठी दगड वाहून नेला जात होता. रुडकीजवळ सोलानी नदीवर कालव्याचा जलसेतू बांधताना १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती ओढत होतं. म्हणजे १८५३ हे उत्तर बरोबर ठरायचं असेल, तर प्रश्नात 'पहिली प्रवासी गाडी' असं स्वच्छ लिहायला हवं. मी तसं लिहून नेलं. त्यावर प्रमुख जे बोलले ते या कामात मला कायम पुरलं. ते म्हणाले, "प्रश्न सैल असला की ज्याला कमी माहिती आहे तो सुटतो आणि ज्याला जास्त माहिती आहे तोच अडकतो. आपल्याला हे होऊ द्यायचं नाही."

खरंच तसंच होतं. ज्याने फक्त क्रमिक पुस्तक वाचलंय तो धडाधड उत्तर देऊन पुढे जातो. ज्याने रेल्वेचा इतिहास आवडीने वाचलाय तो हॉटसीटवर घुटमळतो, यांना नेमकं काय हवंय याचा विचार करत बसतो, आणि समोर घड्याळ चालू असतं. त्या माणसावर अन्याय होऊ नये, एवढ्यासाठी आम्ही एकेका प्रश्नावर तासन्‌तास भांडायचो.

पहिला भारतीय चित्रपट कोणता, यावर तर आमच्याकडे दोन तट पडले होते. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. पण त्याच थिएटरात १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती; म्हणून बहुतेक अभ्यासक पहिलेपणाचा मान 'हरिश्चंद्र'ला देतात. मला स्वतःला हा निवाडा पटतो. पण तोरण्यांचं काम माहीत असलेला स्पर्धक समोर आला तर त्याला 'चूक' ऐकायला लागू नये, म्हणून आम्ही 'पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट' असं लिहिलं. वाक्य बोलायला थोडं जड झालं. सूत्रसंचालकांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि राहू द्या म्हणाले.

सालांचे प्रश्न मी शक्यतो टाळायची. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, यात काही वाद नाही. पण 'कोणत्या साली' असं विचारलं की गोंधळ होतो. पुरस्कार १९५३ सालच्या चित्रपटांसाठी होते आणि समारंभ झाला १९५४ मध्ये. दोन्ही सालं कुठे ना कुठे छापलेली सापडतात. तेव्हा साल प्रश्नात घ्यायचं नाही, चित्रपटाचं नाव विचारायचं.

बघणाऱ्याला वाटतं, कस प्रश्नात आहे. खरा कस पर्यायांत असतो. बरोबर उत्तर एक मिनिटात लिहून होतं. उरलेल्या तीन उत्तरांना अर्धा दिवस जातो. ती साफ चुकीची असली पाहिजेत आणि तरी ऐकणाऱ्याला क्षणभर खरी वाटली पाहिजेत. चारही नावं एका काळातली, एका वजनाची, शक्यतो सारख्या लांबीची हवीत, कारण एकच नाव लांबलचक असलं की ते उत्तर असल्याचा वास लगेच येतो. 'दर्पण' कोणी सुरू केलं, या प्रश्नाला बाळशास्त्री जांभेकरांबरोबर टिळक-आगरकर ठेवले तर प्रश्नच मरतो. १८३२ मध्ये त्यांचा जन्मही झालेला नव्हता. म्हणून त्याच काळातल्या मुंबईतली माणसं शोधायची. भाऊ महाजनांचं नाव आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं. १८४१ मध्ये त्यांनी 'प्रभाकर' काढलं, नाव अगदी चपखल वाटत होतं. पण भाऊ महाजन म्हणजेच गोविंद विठ्ठल कुंटे, आणि 'दर्पण'च्या कामात बाळशास्त्रींना त्यांची मदत होती. हे ठाऊक असलेला माणूस तिथे थबकणारच. नाव कापलं आणि दादोबा पांडुरंग घेतले.

दोन छापील आधार मिळाल्याशिवाय प्रश्न संगणकात जायचा नाही. मराठी विश्वकोश आमच्या टेबलावर कायम असायचा. त्याचे खंड उघडून तपासणारे लोक अजून आहेत हे मला फार चांगलं वाटायचं. स्पर्धकांशी आम्ही बोलायचं नाही, त्यांच्या मजल्यावर जायचं नाही, जेवणाची वेळही वेगळी. नव्या मुलांना हे अति वाटायचं. त्यांना मी हर्ब स्टेम्पेलची गोष्ट सांगायची. १९५६ मध्ये अमेरिकेत 'ट्वेंटी वन' नावाच्या कार्यक्रमात तो जिंकत होता. निर्मात्यांना त्याच्या जागी देखणा, प्राध्यापकी घराण्यातला चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणाला, असा प्रश्न आला. उत्तर होतं 'मार्टी', आणि स्टेम्पेलला ते पक्कं माहीत होतं. ठरवून दिल्याप्रमाणे त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' सांगितलं आणि तो हरला. १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरं आधीच मिळत असल्याची कबुली दिली, आणि पुढच्या वर्षी असा बनाव करणं कायद्याने गुन्हा ठरलं. येत असलेलं उत्तर सर्वांसमोर येत नाही म्हणून सांगणं, यापेक्षा मोठा अपमान मला सुचत नाही. एवढं ऐकल्यावर जेवणाच्या वेळांबद्दल कोणी कुरकुर करत नसे.

आता पायऱ्यांबद्दल. पहिला प्रश्न सोपा, मग चढत चढत अवघड, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अवघड कोणाला? आमची टीम मुंबई-पुण्याची, बहुतेक सगळे पदवीधर, दोघं-तिघं कॉलेजात क्विझ गाजवलेले. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला तेव्हापासून या खेळाला शहरी कॉलेजांचा, इंग्रजी वाचनाचा रंग होता. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि चार पर्यायांनी तो खेळ घराघरांत नेला. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे एक कोटीपर्यंत पोहोचले तो प्रश्न मी नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवायची: संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकी कोणाला देते? उत्तर अ‍ॅटर्नी जनरल, अनुच्छेद ८८. आधार एकच आणि वादाच्या पलीकडचा. शिवाय पाठांतर नसलं तरी विचार करून तिथवर जाता येतं.

पायऱ्या ठरवायच्या दिवशी माझ्या एका प्रश्नावर सगळे अडले. 'मृगानंतर सूर्य कोणत्या नक्षत्रात जातो?' खोलीत कोणालाच येईना. एकमताने प्रश्न वरच्या पायरीवर गेला, मोठ्या रकमेच्या. त्याच यादीत 'गर्निका हे चित्र कोणाचं?' हा प्रश्न खालच्या पायरीवर होता, कारण पिकासोचं नाव खोलीतल्या प्रत्येकाने घेतलं होतं.

प्रश्न खोलीबाहेर नेऊन विचारण्याची मला सवय होती; सेटवर माणसांना तोटा नसतो. लाइटचं काम करणारे एक दादा तारा गुंडाळत होते. मी विचारलं तर त्यांनी हातही थांबवला नाही. "आर्द्रा. मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. हे काय विचारायचं झालं मॅडम?"

"आणि गर्निका कोणाचं?"

"ते बंगला आहे का कोणाचा?"

चहा आणणाऱ्या मावशींना मृग, आर्द्रा येत होतं. मेकअपच्या ताईंना येत नव्हतं, पण त्यांनी आईला फोन लावला आणि आईने हस्तापर्यंत मोजून दाखवलं. मी खोलीत परत येऊन हे सांगितलं तेव्हा मोठी चर्चा झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, हे ज्ञान नव्हे, ही सवय आहे. मी म्हटलं, सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्यावर पेरणीचा अंदाज बांधला जातो; हे खगोल आहे, शेती आहे आणि आपल्या भाषेचं धन आहे. पिकासो पुस्तकात वाचून कळतो, मृग आभाळाकडे बघून कळतो. दोन्हींचा मान सारखा हवा.

आधार मात्र तेवढेच कडक लावले. तरणा-म्हातारा पाऊस ही नावं गावागणिक थोडी बदलतात, म्हणून ती प्रश्नात घेतली नाहीत. नक्षत्राचं वाहन, बेडूक की म्हैस की हत्ती, हे पंचांगात दर वर्षी निराळं असतं, म्हणून तेही नाही. पावसाची नक्षत्रं किती हा प्रश्नसुद्धा नाही. कोणी हस्तापर्यंत नऊ मोजतात, कोणी स्वातीपर्यंत. फक्त क्रम घेतला. तो पंचांगात छापलेला आहे आणि सगळीकडे एकच आहे.

प्रश्न मधल्या पायरीवर आला. त्यावर बसल्या लातूरकडच्या एक बाई, हातात हिरव्या बांगड्या, पहिल्या प्रश्नांना आवाज कापत होता. सूत्रसंचालकांनी प्रश्न वाचला आणि पर्याय पडद्यावर यायच्या आत त्या "आर्द्रा" म्हणाल्या. पर्याय तर बघा, असं त्यांना सुचवलं गेलं. त्या म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? तूर पेरलीय आम्ही आर्द्राला." कंट्रोल रूममध्ये आम्ही सगळे उभे राहिलो. पुढचे प्रश्न त्या सरळ बसून, आवाज न कापता खेळल्या.

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, 'केबीसी'त एक कोटी जिंकल्या तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. मला त्या आश्चर्याचाच राग आला होता. स्वयंपाकघरात राबणारी बाई वाचत नसेल, असं गृहीत कोणी धरलं?

त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रश्न निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या कामांतल्या माणसांना विचारूनच पायरी ठरवू लागलो. तरीही ती कायमची ठरत नाही. काळ प्रश्नांना हलवत राहतो. पालघर झाल्यावर जिल्हे ३६ झाले. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. चित्रीकरण आधी आणि प्रक्षेपण नंतर, म्हणून मधल्या काळातला प्रत्येक सरकारी निर्णय आम्ही धास्तीने वाचायचो.

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. ऑफिसात जल्लोष झाला आणि लगेच मी प्रश्नसंचात खाशाबा जाधवांचं नाव शोधायला बसले. 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक' हा प्रश्न शाबूत होता; नॉर्मन प्रिचर्डची १९०० ची दोन रौप्यपदकं लक्षात घेऊन 'स्वतंत्र' आधीच लिहिलेलं होतं. 'वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा एकमेव खेळाडू' हा मात्र त्या क्षणी बाद झाला. त्याच्या जागी मी लिहिलं: 'हेलसिंकीत खाशाबांनी कुस्तीत पदक मिळवल्यानंतर ७२ वर्षांनी, महाराष्ट्राला ऑलिम्पिकमधलं दुसरं वैयक्तिक पदक कोणत्या खेळात मिळालं?' ऑलिम्पिक म्हटलंय, पॅरालिम्पिक नाही, हे सूत्रसंचालकांच्या प्रतीत ठळक केलं. १९७२ मध्ये मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात मिळवलेलं सुवर्ण ज्याला माहीत आहे त्याचा घोळ व्हायला नको. पर्याय दिले नेमबाजी, तिरंदाजी, बॉक्सिंग आणि बॅडमिंटन. त्या आठवड्यात सेटवर ज्याला विचारलं त्याला उत्तर येत होतं, म्हणून तो दुसऱ्या पायरीवर ठेवला. पुढच्या मोसमात पुन्हा सगळ्यांना विचारून बघायचा आणि गरज पडली तर वर न्यायचा, अशी नोंद त्याच्यापुढे करून ठेवली आहे.