एलटीच बरी

जुनी स्पोर्ट्स गाडी घरच्या घरी उभी करायला घेतली की लोक दोनच गोष्टी विचारतात. खर्च किती आला, आणि पळते किती? पहिल्याचं उत्तर देत नाही, कारण बायको हे लेख वाचते. दुसऱ्याचं उत्तर ऐकून बहुतेकांचे चेहरे पडतात, कारण ही गाडी मी मुद्दाम कमी पळेल अशीच ठेवली आहे.

गाडी म्हणजे राजदूत 350. ज्यांना माहीत आहे ते आत्ता खुर्चीत सरसावून बसले असतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यामाहाने 1973 मध्ये काढलेली आरडी 350 ही मोटरसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 मध्ये राजदूत नावाने भारतात आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. लोक बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे त्या काळात ही 30 अश्वशक्तीची गाडी! मागाहून 1985 मध्ये आलेल्या आणि आजही लोक जिच्यावर जीव टाकतात त्या आरएक्स 100 ची ताकद होती 11. म्हणजे बघा.

पण ती पेट्रोल प्यायची, स्पेअर महाग होते आणि 1989 च्या सुमारास उत्पादन संपलं. दोन-तीन वर्षं मजा केली की मालक वैतागून विकायचे. गोंदियाच्या माझ्या मामाने 1988 मध्ये अशाच एका वैतागलेल्या माणसाकडून घेतली. मामाची धानाची राईस मिल. आरसी बुकवर अजून भंडारा लिहिलेलं आहे, कारण गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला. मामा त्या गाडीवर आमगाव, सालेकसा, दरेकसा असा धान बघत फिरायचा आणि माघ पौर्णिमेला मिलमधल्या माणसांबरोबर कचारगडला जायचा. मिलवरचे बरेच हमाल सालेकसा भागातले गोंड. त्यांचा तो सगळ्यात मोठा दिवस. मग 2009 मध्ये इंजिन जाम झालं आणि गाडी मिलच्या मागच्या शेडमध्ये बारदान्याखाली गेली. पासिंग मात्र मामा दर पाच वर्षांनी करून घेत राहिला. गाडी ढकलत न्यायचा म्हणे!

मामा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याने जाहीर केलं, "भाचेबुवा, गाडी चालू करून द्या. मले एक डाव कचारगडले जायचं हाय, तिच्यावरच." आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे विनंती आणि हुकूम यातला फरक कळायला कठीण जातं.

आता खरा विषय. एअर-कूल्ड.

आमच्या टीममधला एक मराठी मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या गॅरेजमध्ये जुनी पोर्शे 911 उघडून ठेवलेली आहे. शुक्रवारच्या कॉलवर स्टेटस देऊन झालं की आम्ही दोघं दहा मिनिटं इंजिनावर बोलतो. (मॅनेजरला वाटतं आम्ही डिपेंडन्सी डिस्कस करतोय. करतोच!) 911 सुद्धा 1998 पर्यंत एअर-कूल्डच होती. पण तिच्या इंजिनाला पंखा असतो, इंजिनाबरोबर फिरणारा. फोक्सवॅगन बीटललाही होता. आणि हसू नका, चेतकलाही होता. स्कूटरचं इंजिन डिक्कीच्या बाजूला पत्र्याखाली झाकलेलं, तिथे वारा कुठून येणार? म्हणून पंखा. राजदूत 350 ला मात्र काहीच नाही. सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमचे फिन्स आणि समोरून येणारा वारा, संपलं. गाडी थांबली की वारा थांबला. टू-स्ट्रोकमध्ये स्फोट प्रत्येक फेरीला होतो, म्हणजे उष्णता तयार व्हायचा वेगही जास्त. आणि गोंदियात मे महिन्यात सावलीत 44-45 अंश. अशा गाडीला सगळ्यात वाईट काय असेल, तर गर्दीत, चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेंगाळणं. म्हणजे बरोब्बर यात्रेच्या दिवशीचा धनेगावचा रस्ता.

पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस, त्यामुळे काम तुकड्यातुकड्यांत झालं. फ्रेम आणि इंजिन मामाच्या शेडमध्ये, कार्बोरेटर माझ्या पुण्याच्या बाल्कनीत, सिलिंडर नागपूरला खरादवाल्याकडे. डिस्ट्रिब्युटेड टीम काय फक्त आयटीतच असते का?

पहिली संध्याकाळ क्रँककेसचे स्क्रू काढण्यात गेली. डिझाईन जपानी, त्यामुळे स्क्रूच्या डोक्यावरची खाच आपल्या नेहमीच्या फुलीसारखी दिसते पण तशी नसते. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला की तो वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी खाचेचा बिट, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोड्याचा एक ठोका. याआधी कुणीकुणी काय काय वापरलं होतं ते प्रत्येक डोक्यावर लिहिलेलं होतं.

फिन्सवर चंदेरी ऑईल पेंटचे जाड थर. कुणा पेंटरने इंजिन चमकवून दिलं होतं. असला जाड रंग म्हणजे इंजिनाला स्वेटर! तो सगळा घासून काढला आणि काळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबराला भेगा, क्रँकशाफ्टचे सील कडक होऊन पापडासारखे. या दोन्हीतून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, ज्वलन जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला पकडतो. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, त्यामुळे पकडायला वेळ लागत नाही. 2009 मध्ये बहुधा हेच झालं असणार. मामाचं म्हणणं वेगळं, "ऑईल भेसळीचं होतं." असो. बोअर पुढच्या मापाचं केलं, पिस्टन नवे, सील नवे.

तर आता एलटी. भारतात ही गाडी दोन प्रकारांत आली. आधी हाय टॉर्क, म्हणजे एचटी, 30.5 अश्वशक्तीची. आणि मग लोकांनी पेट्रोलवरून आरडाओरडा केल्यावर लो टॉर्क, म्हणजे एलटी, 27 ची. एलटीच्या सिलिंडरचे पोर्ट आणि एक्झॉस्ट असे केलेले की श्वास थोडा कोंडलेला. मामाची एलटी. आता आरडीवाल्या कुणालाही विचारा, तो पहिलं वाक्य हेच म्हणेल की एलटी असेल तर एचटी करून घे. पोर्ट घासून वर न्यायचे, एक्स्पान्शन चेंबर लावायचे, जेट बदलायचे. खरादवाल्यानेही विचारलं. कॅलिफोर्नियावाल्याने तर मला पोर्टचा हिशेब करून एक्सेल शीट पाठवली. तिकडे जुन्या 911 ला नव्यापेक्षा वेगवान करून विकणारे कारखाने आहेत, सिंगर त्यातलं मोठं नाव, आणि लोक त्यासाठी कोटींनी पैसे मोजतात.

मला ते काम नावडतं असं नाही. पण मॉडिफाय करायचं म्हणजे वेगवान करायचं, हे कुणी ठरवलं? मी सहा महिने शेडमध्ये बसून एक गाडी बनवत होतो, जिच्यावर एकाहत्तर वर्षांचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस बसणार होता. समोरचा ब्रेक ड्रम. परदेशातल्या आरडीला डिस्क होती, आपल्याकडे ती काढून ड्रम दिला होता. प्रत्येक जास्तीच्या अश्वशक्तीची उष्णता वाऱ्यालाच वाहून न्यायची, आणि तो वारा चढावर नसतो. म्हणून एलटी ती एलटीच ठेवली. उलट पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं. टॉप स्पीड कमी झाला, पण चढावर इंजिन कण्हत नाही आणि क्लचवर खेळत बसावं लागत नाही. मॉडिफिकेशन म्हणून एवढंच!

ब्रेकवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीचा फोर्क आणि डिस्क लावणं, बरेच जण करतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेऊ देत नाही, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि मामाचं पासिंग दर पाच वर्षांनी आहेच. मग आहे त्या ड्रमकडे नीट बघितलं. त्यात दोन शू आणि दोन्ही पुढून पकडणारे, म्हणजे डिझाईन चांगलं आहे. दोन्ही शूंना जोडणारी एक छोटी दांडी असते. ती अशी ॲडजस्ट करायची असते की दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकावेत. बहुतेक गाड्यांत तिला कधी कुणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे एकच शू काम करतो आणि मालक आयुष्यभर ड्रमला शिव्या देतो. नवं लायनिंग, ते ड्रमच्या गोलाईला घासून बसवलं, दांडीची लांबी अर्ध्या-अर्ध्या आट्याने जमवली. डिस्क नाही झाली ती, पण मामा म्हणाला, "नवी होती तवाबी अशी थांबत नव्हती." ओल्या रस्त्यावर मात्र मी ती त्याला देणार नाही.

पॉईंटवरून भांडण झालं. या गाडीत दोन सिलिंडरचे दोन वेगळे कॉन्टॅक्ट पॉईंट. ते झिजतात आणि टायमिंग सरकतं. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणं हाच शहाणपणा, बाहेरून दिसतही नाही. मामा ऐकेना. "रस्त्यात बंद पडली तर पॉईंट पॉलिश पेपरनं घासून घरी येता येते. तुह्या डब्याले काय घासू मी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला अजूनही माझंच म्हणणं बरोबर वाटतं, पण गाडी त्याची आहे. नवे पॉईंट, नवे कंडेन्सर घातले, प्लगच्या भोकात डायल गेज उतरवून दोन्ही बाजूंचं टायमिंग लावून दिलं.

आणि साडी गार्ड. मामीसाठी गोंदियातल्या मिस्त्रीकडून वेल्ड करून घेतलेलं, लोखंडी सळयांचं, भारदस्त. रेसिंगसाठी जन्मलेल्या गाडीला खिडकीच्या गजासारखं साडी गार्ड! मुंबईच्या एका संग्राहकाने फोटो बघून पहिला निरोप पाठवला की ते कापून टाका, किंमत वाढेल. मामीने तो निरोप ऐकला आणि म्हणाली, "त्याले म्हणा, माह्या साडीची किंमत दे मंग." शिवाय गंमत म्हणजे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या चाकाला झाकणारं गार्ड असायलाच हवं. त्यामुळे आमच्या गाडीचा सगळ्यात कुरूप भागच सगळ्यात कायदेशीर आहे. :)

शेवटची अडचण आजच्या काळातली. 2025 पासून पंपावर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या खातं, पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं. पातळ म्हणजे पुन्हा गरम. नळ्या बदलल्या, दोन्ही कार्बोरेटरमध्ये मेन जेट एक नंबर मोठा टाकला. आपल्याकडे इथेनॉल तांदळापासूनही बनतं हे मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. जन्मभर मिलमधून ज्याची कणी काढली तेच आता गाडीच्या टाकीत!

गेलो आम्ही माघ पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी. यात्रेच्या दिवशी नाही, ही माझी अट होती. यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखोंनी माणसं येतात, दरेकशाला रेल्वे जादा गाड्या थांबवते, आणि गर्दीत अडकलेल्या एअर-कूल्ड इंजिनाचं काय होतं ते वर सांगितलंच. मामा पुढे गाडीवर, मी आणि मामी मागे कारमध्ये. सालेकशापर्यंत सपाट, मग जंगल आणि डोंगर सुरू होतो. सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ, म्हणजे ऑईल पंप काम करतोय. मामी पूर्ण वेळ त्या रेघेकडे बघत होती. एका वळणावर मामाने वेगात गिअर टाकला आणि तो आवाज आला... ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. मामी एवढंच म्हणाली, "हा माणूस काई सुधरत नाही."

धनेगावला पिवळे झेंडे अजून होते. पुढे गुहेपर्यंत डोंगर चढायचा. गोंडांच्या कथेप्रमाणे त्या गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोंनी सोडवलं, आणि तोंडावरची शिळा हलवताना हिरासुका पाटालीर या संगीतकाराचा जीव गेला. मामाच्या मिलमधले जुने हमाल ही गोष्ट सांगताना आवाज खाली करायचे, असं मामा म्हणाला. मग तो काठी घेऊन हळूहळू वर निघाला, मामी बरोबर. मी खाली गाडीपाशी थांबलो.

शेवटच्या चढावर मामाला सांगून ठेवलं होतं, वर पोचता पोचता क्लच दाब आणि चावी बंद कर. चालू ठेवून थांबलास तर प्लगचा खरा रंग कळत नाही. त्याने तसंच केलं होतं. मी प्लग काढले. डावा अगदी हवा तसा, बदामी. उजवा फिकट, पांढऱ्याकडे झुकणारा. म्हणजे उजव्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय, किंवा त्या बाजूच्या नव्या रबरातूनही थोडी हवा शिरतेय. क्लिप घट्ट केली. पुढच्या खेपेला ते रबर आणि आणखी एक नंबर मोठा जेट घेऊन यायचं आहे.

दोन तासांनी दोघं खाली आले. मामा घामाघूम, पण खूश. मी उजवा प्लग त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा वर करून, डोळ्याजवळ धरून बघितला.

"पांढरा हाय."

"हो. परतीला अर्ध्याच्या वर रेस द्यायची नाही, मामा."

"मंग मी चालवू का तू?"

"तुम्हीच चालवा. पण पन्नासच्या खाली."

मामीने कारचं दार उघडलं नाही. पदर खोचला आणि साडी गार्डकडे पाय टाकून आधीच मागे जाऊन बसली होती.